मळसूत्रांतील घट्ट रस

विश्रामबागेहून मिरजेकडे किंवा तासगांवकडे निघालें कीं थोड्याच वेळांत द्राक्षांचे मांडव दिसूं लागतात, आणि मांडवाच्या प्रत्येक ओळीखालीं वेलींच्या बुंध्यांलगत एक काळी नळी सरळ पडलेली दिसते. हळदीच्या आणि उंसाच्या सऱ्यांतही आतां तीच नळी आढळते. ही ठिबकाची नळी होय. म्हैसाळच्या योजनेनें कृष्णेचें पाणी उपसून मिरज, कवठे महांकाळ व जत या तालुक्यांच्या कोरड्या भागाकडे नेलें जातें. परंतु तें पाणी वेलीच्या मुळाशीं थेंबाथेंबानें पोंचविण्याचें शेवटचें काम या बोटाएवढ्या नळीवर येऊन ठेपतें. एप्रिलांतील खरड छाटणीनंतर, ऐन उन्हाच्या दिवसांत ती नळी जागोजाग तडकली, तर योजना कितीही मोठी असली तरी त्या वेलीपुरती ती व्यर्थ होय. अशी नळी दहा वर्षें टिकावी कीं दोन वर्षांत चिरावी, हें पुष्कळ अंशीं तिच्या जन्माच्या वेळींच ठरतें. आणि तिचा जन्म होतो तो एका फिरणाऱ्या मळसूत्राच्या पोटांत. त्या पोटांत काय घडतें, तें आज आपणांस सांगावयाचें आहे. या विषयाची गणितें आपल्या विश्रामबागेंत १९४७ सालीं निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणीं शिकावीं; मी जन्मभर शाळेंत मुलांना शिकविलें, तेव्हां स्वयंपाकघर आणि शेत यांतल्या उदाहरणांनींच मी आपलें काम भागविणार आहें.

प्रथम ती नळी काळी कां, हें पाहूं. ती ज्या पॉलिथीनची बनते, तें प्लॅस्टिक मुळांत दुधी रंगाचें असतें. १९३३ सालीं इंग्लंडांतील विनिंग्टन येथील प्रयोगशाळेंत तें प्रथम हातीं आलें. त्याचे रेणू म्हणजे फार लांब सांखळ्या होत. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण या सांखळ्या तोडतात. सांखळ्या तुटल्या कीं प्लॅस्टिक ठिसूळ होतें. यावर उपाय म्हणून त्यांत काजळी घालतात. शंभर भागांत दोन-तीन भाग इतकीच, परंतु अत्यंत बारीक. तिचा एकेक मूळ कण मिलिमीटरच्या सुमारें पन्नास हजाराव्या भागाएवढा असतो. ही काजळी किरण स्वतः शोषून घेते आणि प्लॅस्टिकला छत्रीसारखी सांवली देते. मात्र यांत एक अट आहे. काजळी सर्वत्र सारखी पसरली पाहिजे. जेथें ती पोंचली नाहीं, तेथें छत्रीला भोंक पडलें असें समजावें. आणि जेथें तिची गुठळी राहिली, तेथें नळीच्या जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या भिंतींत एक खडा अडकल्यासारखें होतें, व पाण्याच्या दाबाखालीं चीर नेमकी तेथूनच सुरू होते. म्हणजे काजळी घातली एवढ्यानें भागत नाहीं. ती मिसळली पाहिजे.

आपण म्हणाल, मिसळण्यांत एवढें कठीण तें काय? चहांत साखर घालून चमचा दोनदां फिरविला कीं काम झालें. श्रोतेहो, सगळी मेख येथेंच आहे. पातळ द्रव ढवळला कीं त्यांत भोंवरे उठतात, मोठ्या भोंवऱ्यांतून लहान भोंवरे होतात, आणि तेच मिश्रणाचें काम करतात. १८८३ सालीं मँचेस्टर येथील ऑस्बर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञानें कांचेच्या नळींतून पाणी सोडून त्यांत रंगाची बारीक धार सोडली. पाणी हळू वाहूं लागलें तेव्हां रंगाचें सूत अखेरपर्यंत सरळ राहिलें; वेग वाढतांच तें एकाएकीं विसकटलें आणि सारें पाणी रंगून गेलें. प्रवाह केव्हां विसकटेल हें वेग, रुंदी, घनता आणि दाटपणा या चार गोष्टींवरून काढलेल्या एका संख्येवर अवलंबून असतें. ती संख्या दोन हजारांच्या आसपास गेल्याखेरीज नळींतील प्रवाह सहसा विसकटत नाहीं. आतां वितळलेल्या प्लॅस्टिकचा दाटपणा पाण्याच्या लाख पटींपासून कोटी पटींपर्यंत असतो. मळसूत्रांत त्याची ही संख्या बहुधा एकाचा शंभरावा भागही भरत नाहीं. म्हणजे तेथें भोंवरा उठण्याची आशाच नको. शिवाय काजळीचे कण आपण होऊन त्या रसांत विरघळत व पसरत जात नाहींत. मग हा घट्ट रस मिसळावा तरी कसा?

त्यासाठीं यंत्राची ओळख करून घेऊं. दिवाळींत चकल्या पाडावयाचा पितळी सोऱ्या सर्वांच्या घरांत असतो. वरचा दांडा फिरविला कीं आंतील चकती खालीं सरकते आणि पीठ चकलीच्या आकाराच्या छिद्रांतून बाहेर पडतें. प्लॅस्टिकच्या यंत्राच्या तोंडाशींही असेंच छिद्र असतें. त्यास साचा म्हणावें. परंतु सोऱ्यांत मळसूत्र चकती ढकलतें, पिठाला शिवत नाहीं. त्यांत अर्धें पांढरें व अर्धें तांबडें पीठ भरलें, तर चकलीही अगोदर एका रंगाची व मग दुसऱ्या रंगाची पडते. मिसळण्याचें काम सोऱ्या करीत नाहीं. प्लॅस्टिकच्या यंत्रांत माल मळसूत्राच्या आट्यांमध्येंच भरलेला असतो. तेलाच्या गिरणींतील एक्सपेलर ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस हें चटकन् समजेल. या जातीच्या यंत्राचें पेटंट इंग्लंडांत मॅथ्यू ग्रे यानें १८७९ सालीं घेतलें. तेव्हां तारांवर गटापर्चाचें वेष्टण चढविण्यासाठीं त्याचा उपयोग होता. खास प्लॅस्टिकसाठीं असें यंत्र जर्मनींत पॉल ट्रोस्टर यांनीं १९३५ च्या सुमारास केलें.

एक जाड पोलादी नळकांडें आडवें ठेवलेलें असतें. त्याला बाहेरून विजेच्या पट्ट्यांनीं उष्णता देतात. आंत मळसूत्र असतें, लांबी जाडीच्या वीस ते तीस पट. मागच्या टोकाला वर चाडें असतें, पाभरीच्या चाड्याप्रमाणेंच. त्यांत प्लॅस्टिकचा दाणा ओततात. दोन आट्यांमधील पन्हळ चाड्याखालीं खोल असते, पुढें पुढें उथळ होत जाते. त्यामुळें दाणा अगोदर नुसता वाहून नेला जातो, मग दाबला जाऊन वितळतो, आणि शेवटच्या भागांत वितळलेला रस साच्याकडे लोटला जातो.

आतां पहिली मौज अशी कीं मळसूत्र फिरलें म्हणून माल पुढें जातोच असें नाहीं. बोल्टावर नट चढवून बोल्ट फिरवून पाहा. नट हातानें धरून ठेवला तर तो पुढें सरकतो. धरला नाहीं तर बोल्टाबरोबर जागच्या जागीं गरगरतो. प्लॅस्टिकचें अगदीं असेंच आहे. त्याला धरून ठेवणारा हात म्हणजे नळकांड्याची स्थिर भिंत. माल भिंतीला चिकटून राहिला पाहिजे आणि मळसूत्रावरून निसटला पाहिजे, तरच दाणा पुढें जातो. रस झाल्यावर तर तो भिंतीला आणि मळसूत्राला, दोहोंनाही चिकटतो. मधले थर मात्र एकमेकांवरून सरकत राहतात. एक थर स्थिर भिंतीचा, एक फिरत्या मळसूत्राचा आणि मधल्या थरांची ओढाताण, यांतूनच रसाची गति निर्माण होते.

या ओढाताणींतून उष्णताही निर्माण होते. हिवाळ्यांत आपण तळहात एकमेकांवर चोळतों, तसे हे घट्ट थर घांसले जातात. बाहेरच्या पट्ट्या तापवितात हें खरें, परंतु चालू यंत्रांत वितळविण्याची पुष्कळशी उष्णता मळसूत्र फिरविणाऱ्या मोटारीच्या शक्तींतूनच येते. हें आंत कसें घडतें, तें डोळ्यांनीं पाहण्याची युक्ति अमेरिकेंतील ब्रूस मॅडॉक यांनीं १९५९ सालीं प्रसिद्ध केली. त्यांनीं रंगीत दाणे मिसळून यंत्र चालविलें, एकदम थांबविलें, सारें थंड करून मळसूत्र बाहेर काढलें आणि आट्यांमध्यें गोठलेल्या प्लॅस्टिकचे काप घेतले. त्यांत दिसलें कीं भिंतीलगत प्रथम वितळलेला पातळ पापुद्रा बनतो; आटा तो खरवडून आपल्यापुढें गोळा करतो, आणि न वितळलेल्या दाण्यांचा थर दुसऱ्या बाजूस राहून हळूहळू अरुंद होत जातो. उलथन्यानें कढईचा तळ खरवडावा, तसेंच हें.

आतां रस पुढें लोटला जात आहे. साच्याचें तोंड मात्र लहान. रस दाटतो, दाब वाढतो. वाढलेला दाब रसाला मागें रेटूं पाहतो, मळसूत्र पुढें ओढूं पाहतें. प्रत्यक्षांत जें बाहेर पडतें, तें या दोहोंच्या वजाबाकीइतकें. रसाचा एखादा झरा खरोखर चाड्याकडे उलटा वाहतो असें मात्र समजूं नये; मागें रेटणें हें हिशेबापुरतें आहे, परिणामीं पुढें जाणें मंदावतें इतकेंच. येथें पन्हळीची खोली मोठें काम करते. खोली निम्मी केली तर पुढची ओढ निम्मी होते, परंतु मागचा रेटा एक अष्टमांशावर येतो, कारण तो खोलीच्या घनाप्रमाणें बदलतो. म्हणूनच साच्याजवळ पन्हळ उथळ ठेवतात.

मिश्रणाचें रहस्य यापुढें आहे. मळसूत्राचे आटे तिरकस असतात. सामान्य रचनेंत हा तिरकसपणा साडेसतरा अंशांहून किंचित् अधिक असतो. त्यामुळें भिंतीची ओढ रसावर तिरकस बसते. तिचा एक भाग रसाला पन्हळींतून पुढें नेतो. दुसरा भाग त्याला पन्हळीच्या आडवा, आट्याच्या कडेवर नेऊन आदळतो. आट्यापलीकडे जावयास वाट नाहीं. आटा आणि भिंत यांमधील फट केसाएवढी. तेव्हां तो रस खालीं वळतो, मळसूत्राच्या गाभ्यालगत उलटा परत येतो, दुसऱ्या कडेस वर चढतो आणि पुन्हां भिंतीकडे जातो. प्रत्येक कण असा पन्हळींत गोल गोल फिरत, पिळदार वाटेनें साच्याकडे जातो. साच्याचें तोंड अगदीं मोकळें असेल तर कण थोडेच फेरे घेऊन बाहेर पडतो. तोंड अरुंद असेल, तर पुढची चाल मंदावते, आडवे फेरे मात्र चालूच राहतात. म्हणजे ज्या अडथळ्याला आपण कामाचा शत्रु समजलों, तोच मिश्रणाचा मित्र ठरतो. तोंड पूर्ण बंद केलें तर माल शून्य आणि फेरे अनंत. तोंड उघडें टाकलें तर माल पुष्कळ आणि मिश्रण थोडें. कारखानदाराची कसोटी या दोहोंच्या मध्यें आहे.

परंतु फेरे घेतले म्हणजे तरी मिश्रण पुरें होतें काय? याचें उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग आहे. केंब्रिजचे शास्त्रज्ञ जॉफ्री टेलर यांनीं १९६० नंतरच्या दशकांत एका शैक्षणिक चित्रपटांत तो दाखविला आहे, आणि शाळेंतही तो करतां येईल. एका रुंद कांचेच्या भांड्यांत मधोमध एक गुळगुळीत, गोल बाटली उभी धरावी. दोहोंच्या मधल्या जागेंत ग्लिसरीन भरावें आणि त्यांत रंगविलेल्या ग्लिसरीनचा एक थेंब अलगद सोडावा. मग बाटली हळूहळू तीन-चार वेळां एका दिशेनें फिरवावी. थेंबाचें सूत होतें, सुताचा पुसट पट्टा होतो आणि थेंब नाहींसा झाला असें वाटतें. आतां बाटली तितकेच फेरे उलटी फिरवावी. पट्ट्याचें सूत होतें, आणि सुताचा पुन्हां थेंब जमून येतो! मुलांचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाहीं. यावरून हें ध्यानांत येईल कीं घट्ट द्रव नुसता ओढला म्हणजे रंग लपतो, परंतु तो खरा मिसळलेला नसतो.

मग काय हवें? चिरोटे करणाऱ्या गृहिणीस हें ठाऊक आहे. ती पोळी लाटते, साटा लावते, घडी घालते आणि पुन्हां लाटते. सरळ ओढणें ही बेरीज आहे. ओढून घडी घालणें हा गुणाकार आहे. दहा घड्यांत एका पदराचे १०२४ पदर होतात आणि वीस घड्यांत ही संख्या दहा लाखांवर जाते. एवढे पदर झाले कीं काळा पदर कोणता आणि पांढरा कोणता, हा भेद उरत नाहीं. मळसूत्रांतील आडवा फेरा हीच घडी थोडीफार घालतो. कण आट्याशीं वळतांना थरांची दिशा बदलते. परंतु येथें एक वैगुण्य आहे. पन्हळीच्या गाभ्यापासून दोनतृतीयांश उंचीवर एक थर असा असतो कीं त्याला आडवी गति अजिबात नाहीं. त्याच्या वरचा रस एका कडेला जातो, खालचा दुसऱ्या कडेला. हा थर मात्र मधून सरळ पुढें निघून जातो. जत्रेच्या गर्दींत सारे रेटारेटी करीत असतां एखाद्यानें मधून अंग न घुसळतां निघून जावें, तसें. त्याच्यांतील काजळी सर्वांत कमी मिसळते. म्हणून मळसूत्राच्या शेवटच्या भागांत मुद्दाम खुंट्या बसवितात, किंवा रसाला अरुंद फटींतून जावयास लावणारा भाग जोडतात. मॅडॉक यांच्या नांवानें ओळखला जाणारा असा एक भाग आजही प्रचारांत आहे. खुंटी थरांना फाडते, वळविते आणि नव्यानें जोडते. म्हणजे घडी घालते.

अरुंद फटीचें काम निराळें आहे. पिठलें करतांना बेसनाची गुठळी झाली, तर कितीही ढवळलें तरी ती गुठळी भांडेंभर हिंडते, फुटत नाहीं. ती पळीनें भांड्याच्या कडेवर चिरडावी लागते. गुठळ्या सर्वत्र वांटणें एक, आणि गुठळी फोडणें दुसरें. काजळीची गुठळी फोडण्यास मोठा ताण लागतो, आणि तो अरुंद फटींत मिळतो. म्हणूनच कारखान्यांत नुसती काजळी चाड्यांत टाकीत नाहींत. थोड्या प्लॅस्टिकमध्यें पुष्कळ काजळी घोंटून काळा दाणा अगोदर तयार करतात. त्यास मास्टरबॅच म्हणतात. तोच दाणा पांढऱ्या दाण्यांत प्रमाणानें मिसळतात. बेसन प्रथम थोड्याच पाण्यांत कालवून घ्यावें आणि मग पातेल्यांत सोडावें, या आपल्या घरगुती रीतीचें तत्त्व हेंच.

तर मग मिसळतच राहावें काय? तसेंही नाहीं. प्रत्येक ओढीबरोबर उष्णता वाढते. पॉलिथीनचें काम साधारणतः १८० ते २२० सेल्सिअस अंशांच्या आसपास चालतें. त्याहून फार तापलें किंवा एखाद्या कोपऱ्यांत फार वेळ अडकलें तर त्याच्याच सांखळ्या बिघडतात. विहिरीच्या नळांसाठीं वापरतात तें पी.व्ही.सी. तर आणखी नाजूक; तें जळूं लागलें कीं त्यांतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते. म्हणून त्याच्यासाठीं बहुधा दोन मळसूत्रें शेजारीं शेजारीं बसविलेलीं यंत्रें वापरतात. तीं माल सौम्यपणें आणि नियमितपणें पुढें नेतात. उलट पक्षीं, अधिक मालाच्या लोभानें वेग भलताच वाढविला, तर अर्धवट वितळलेला दाणा साच्यापर्यंत पोंचतो. दोन्हींकडे नुकसान ज्याचें होतें तो शेतकरी त्या वेळीं यंत्राजवळ नसतो. त्याच्या हातीं येते ती एक चकचकीत काळी गुंडाळी, आणि काळा रंग तर अपुऱ्या मिश्रणाचाही दुरून काळाच दिसतो.

परंतु परीक्षा करण्यास अगदींच साधन नाहीं असें नव्हे. प्रयोगशाळांतून नळीचा अत्यंत पातळ काप घेऊन, किंवा तिचा लहानसा तुकडा तापलेल्या दोन कांचांमध्यें दाबून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. मिश्रण चांगलें असेल तर सर्वत्र सारखी करडी-तपकिरी छटा दिसते; वाईट असेल तर काळे ठिपके आणि मधून मधून पांढरे पट्टे दिसतात. विज्ञानाच्या शिक्षकांनीं धारदार पात्यानें नळीचा अगदीं पातळ छिलका काढून तो शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखालीं मुलांना दाखवावा, अशी माझी त्यांस विनंति आहे. आपल्या जिल्ह्यांतील पुष्कळ मुलांच्या घरीं शेत असतें. प्रवाहाचा धडा पुस्तकांत वाचण्यापेक्षां बापाच्या मांडवाखालच्या नळींत पाहिला, तर तो मुलगा पुढें दुकानांत नळी घेतांना नुसतें वजन आणि भाव न विचारतां मिश्रण कसें आहे, हेंही विचारील. आणि विचारणारें गिऱ्हाईक असलें म्हणजे करणाराही जपून करतो.

श्रोतेहो, पातळ पाण्याला ढवळणें पुरतें. घट्ट रसाला ओढावें लागतें, अडवावें लागतें आणि त्याच्या घड्या घालाव्या लागतात. यांतील एकही गोष्ट घाईनें होत नाहीं. उन्हाळ्यांत आपल्या वेलीखालीं जो थेंब पडतो, त्याच्या मागें कृष्णेचें पाणी आहे, तसा हा कुणीतरी धीरानें घोंटलेला काळा रसही आहे.